वारस कोणाचे? — एक कादंबरी आणि तिचे वाचक



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचे रोप लावले. त्याची कलमे पुढे गावोगाव रुजली, आणि पवनेकाठच्या या कारखान्यांच्या नगरीतही उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसे चार विचार ऐकायला जमतात, ही समाधानाची गोष्ट आहे. आजचा विषय वाचून मात्र काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. चाळीस हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेली निअँडरथल माणसे, त्यांच्यावर एका इंग्रज लेखकाने लिहिलेली कादंबरी, आणि तीवर वाचकांनी काढलेले उद्गार! पिंपरी-चिंचवडच्या माणसाला यात काय स्वारस्य? शंका रास्त आहे. तिचे उत्तर व्याख्यान संपेपर्यंत मिळाले नाही, तर दोष विषयाचा नसून आमच्या मांडणीचा समजावा.

प्रथम पुस्तकाची ओळख करून देतो. विल्यम गोल्डिंग हा शाळामास्तर. दुसऱ्या महायुद्धात त्याने आरमारात नोकरी केली आणि माणूस माणसाशी कसा वागतो हे डोळ्यांनी पाहिले. १९५४ साली त्याची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही गाजलेली कादंबरी आली आणि लगेच १९५५ साली ‘दि इनहेरिटर्स’, म्हणजे ‘वारसदार’. त्याच वर्षी आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. हा केवळ योगायोग. पण तो लक्षात ठेवावा, कारण पुढे आपल्याला त्या कारखान्याच्या आसपासच हिंडायचे आहे.

कादंबरीची हकीकत थोडक्यात अशी. निअँडरथलांची एक लहानशी टोळी हिवाळा संपल्यावर समुद्राकडून आपल्या डोंगरातल्या नेहमीच्या जागी परत येते. म्हातारा माल, एक वृद्धा, लोक नावाचा तरुण, फा नावाची स्त्री, लिकू ही लहान मुलगी आणि एक तान्हे मूल, अशी सारी मिळून आठ माणसे. वाटेत पाण्यावर जो ओंडका नेहमी असायचा तो जागेवर नाही. येथूनच अरिष्टाला आरंभ होतो. माल पाण्यात पडतो, गारठतो आणि मरतो. मग कळते की पलीकडच्या बेटावर कोणी नवी माणसे आली आहेत. त्यांच्याजवळ होड्या आहेत, धनुष्यबाण आहेत, मादक पेय आहे. ती नवी माणसे म्हणजे आपणच, आपले पूर्वज. एकेक करून जुनी टोळी संपते. लिकूला पळवून नेतात आणि पुढे तिचे काय होते ते वाचवत नाही. शेवटी एकटा लोक उरतो आणि मरणासाठी पडून राहतो. तान्हे मूल मात्र नवी माणसे आपल्याबरोबर होडीत घालून नेतात.

ही कादंबरी स्वतःच एका वाचकाची प्रतिक्रिया आहे. एच. जी. वेल्सने १९२० साली जगाचा एक प्रचंड इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात निअँडरथलांविषयी लिहिताना, हे केसाळ, कुरूप, भयंकर प्राणी होते आणि लोककथांतल्या नरभक्षक राक्षसाची मूळ आठवण कदाचित यांचीच असेल, अशा आशयाचा मजकूर आहे. गोल्डिंगने तोच मजकूर आपल्या कादंबरीच्या आरंभी छापला आणि पुढच्या पानांत तो उलटा करून दाखवला. त्याच्या कथेत राक्षस आहेत ते वारसदार. जुनी माणसे निरागस, प्रेमळ आणि गोंधळलेली आहेत. कादंबरीच्या नावातही उपरोध आहे. नम्र माणसांना पृथ्वीचा वारसा मिळेल असे येशूने आश्वासन दिले होते. येथे पृथ्वी मिळते ती नम्रांचा काटा काढणाऱ्यांना.

वेल्सच्या मनात जे चित्र होते ते त्या काळच्या शास्त्राने दिलेले होते. १८५६ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीतल्या मजुरांना काही हाडे सापडली. ती अस्वलाची असावीत असे प्रथम वाटले. फुलरॉट नावाच्या एका शिक्षकाने ती माणसाची म्हणून ओळखली. पुढे १९०८ साली फ्रान्समध्ये एक जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. त्यावरून बूल या पंडिताने वाकलेल्या पाठीचा, गुडघ्यात मोडलेला, पोक काढून चालणारा प्राणी रंगवला. हेच चित्र पाठ्यपुस्तकांत गेले. १९५७ साली स्ट्राउस आणि केव्ह या दोघांनी तो सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हा ध्यानात आले की तो एका संधिवाताने जर्जर झालेल्या म्हाताऱ्याचा होता. त्या जातीच्या धडधाकट माणसाला आंघोळ घालून, दाढी करून, कोटटोपी चढवून न्यूयॉर्कच्या भुयारी आगगाडीत बसवले, तर त्याच्याकडे कोणी वळून पाहिले नसते, असा त्यांचा अभिप्राय पडला. एका आजारी म्हाताऱ्यावरून एका संपूर्ण मानवजातीची परीक्षा झाली होती! श्रोतेहो, परक्याची परीक्षा आपण बहुधा अशीच करतो.

आता वाचकांकडे वळू. गेल्या पावसाळ्यात आम्ही दहाबारा जण आठवड्यातून एकदा जमत होतो. पुस्तक इंग्रजी, सगळ्यांना ते सारखे झेपणारे नव्हते. म्हणून एकाने प्रकरण वाचून यायचे, ते मराठीत सांगायचे आणि मग सर्वांनी बोलायचे, असा परिपाठ ठेवला. प्रकरणे बारा, तेव्हा बारा बैठका झाल्या. मंडळी या पट्ट्यातलीच, कोणी निगडीचे, कोणी भोसरीचे, कोणी चाकणच्या बाजूचे.

पहिला उद्गार आला तो टूलरूममध्ये हयात घालवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा. ते म्हणाले, “ओंडका हलवला गेला तर दुसरा कसा टाकावा हे ज्यांना धड सुचत नाही, ती माणसे टिकणार कशी? लेखकाने डोळ्यांत पाणी आणले खरे, पण हत्यार ज्याच्या हाती त्याचेच जग.” हे मत कठोर वाटले तरी खोटे नव्हे. जगातले पुष्कळ वाचक हेच म्हणत आले आहेत, आणि वेल्सही फार निराळे म्हणत नव्हता.

दुसरा उद्गार अगदी उलटा होता. एका तरुणाने चाकणकडच्या शेतकरी गृहस्थांकडे वळून म्हटले, “काका, ही तर तुमचीच गोष्ट!” महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांतून गेल्या तीन-चार दशकांत काय घडले ते आपण सर्व जाणतो. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या परिसरात मोटारींचे कारखाने आले, भूसंपादनाच्या नोटिसा आल्या, मोजण्या झाल्या, सातबाऱ्यावरची नावे बदलली. तेव्हा तुलना सुचणे साहजिक होते. पण काका चिडले. ते म्हणाले, “आम्हाला लोकच्या रांगेत बसवू नका. त्याला समोर काय चालले आहे ते कळत नव्हते. आम्हाला मोजणी कळत होती, भाव कळत होता, आणि कुठे फसलो तेही कळत होते. काहींनी पैसा उडवला, काहींनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. चांगले-वाईट जे केले ते आम्ही केले. आमची कीव करणारा माणूस आम्हाला बाजूला सारणाऱ्याइतकाच परका वाटतो.”

त्या दिवशी बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या मते बारा बैठकांतले सर्वांत मोलाचे वाक्य हेच. ते का, हे पुढे सांगतो.

तिसरा उद्गार मराठवाड्यातून कंत्राटी कामावर आलेल्या एका मुलाचा. तो म्हणाला, “सगळे जण जुन्या माणसांविषयी बोलत आहेत. मला नव्या माणसांची भीती जास्त ओळखीची वाटली. ती काही हौसेने आलेली नाहीत. तीही कुणापासून तरी पळत आहेत.” हे त्याने अचूक हेरले होते. कादंबरीतला नव्या माणसांचा म्होरक्या मार्लन दुसऱ्या टोळीची बाई पळवून निघालेला आहे. त्याच्या माणसांना मागची धास्ती आहे आणि पुढच्या अरण्याची त्याहून अधिक. जंगलात लाल केसांची भुते आहेत असे त्यांना वाटते, आणि ज्याला ती भूत समजतात तो बिचारा लोक झाडावर बसून त्यांच्याकडे कुतूहलाने पाहत असतो! दोन्ही बाजूंना भय आहे. फरक इतकाच की एका बाजूच्या भयाच्या हाती बाण आहे. आपल्या पिंपरीचा आरंभ आठवा. फाळणीनंतर येथे जी छावणी पडली तीत घरदार सोडून आलेले सिंधी बांधव होते. या नगरीत आलेली पहिली मोठी नवी वस्ती विजेत्यांची नव्हती, हाकलल्या गेलेल्यांची होती.

चौथा उद्गार एका शिक्षिका भगिनींचा. त्यांनी लक्ष वेधले ते दोन लहान मुलींकडे. पकडून नेलेली लिकू आणि नव्या टोळीतली तानाकिल काही काळ एकमेकींशी खेळतात, खाऊ वाटून घेतात. नंतर तानाकिल लिकूला मारतेही, कारण मोठ्यांचे पाहून ती शिकते. पण शेवटी लिकू नाहीशी झाल्यावर जिचे मन मोडून पडते ती तानाकिलच. तिच्या तोंडी लिकूचे नाव आहे आणि म्हातारा मार्लन दटावतो की ते भुताचे नाव आहे. बाई म्हणाल्या, “दोन मानवजातींची खरी भेट झाली ती एवढीच. बाकी सारे एकमेकांना पाहत होते. भेटले कोणीच नाही.”

आता या कादंबरीच्या भाषेविषयी चार शब्द सांगतो, कारण मराठी वाचकाला येथे एक वेगळीच गोष्ट हाती लागते. जवळजवळ सारी कथा लोकच्या डोळ्यांनी सांगितली आहे, आणि लोकला कार्यकारणाचा संबंध जुळवता येत नाही. समोरचा माणूस धनुष्य ओढतो तेव्हा लोकला दिसते ते इतकेच की एक काठी आखूड झाली आणि पुन्हा लांब झाली. मग शेजारच्या झाडात आवाज होऊन एक फांदी उगवल्यासारखी दिसते. आपल्यावर बाण सोडला गेला हे वाचकाला कळते, लोकला कळत नाही. हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने १९७१ साली या वाक्यरचनेचा बारीक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने दाखवले की लोकच्या भागात ‘अमक्याने अमुक वस्तूवर अमुक क्रिया केली’ अशा जातीची वाक्ये फार थोडी आहेत. माणसे हलतात, वस्तू हलतात, पण माणूस वस्तूला हलवतो असे क्वचितच. इंग्रजी वाचकाला ही भाषा फार विचित्र वाटली, पहिली पाने त्याला अडखळत वाचावी लागली.

आमच्या बैठकीत मराठीतून कथा सांगताना मात्र ती तितकी विचित्र वाटेना. कारण शोधले तेव्हा गंमत कळली. ‘मला भूक लागली’, ‘मला भीती वाटते’, ‘मला आठवले’, ‘मला दिसले’ असे आपण रोज बोलतो. भूक येते आणि आपल्याला लागते. आपण तिचे कर्ते नसतो. म्हणजे लोकच्या जगाचा एक तुकडा आपल्या व्याकरणात शाबूत आहे. अर्थात आपण ‘मी केले’, ‘मी बांधले’, ‘मी जिंकले’ असेही म्हणतो. दोन्ही माणसे आपल्याच जिभेवर नांदतात. मग लोक वेगळा आणि आपण वेगळे, ही रेघ इतकी ठाम काढता येईल काय?

शास्त्रानेही आता ती रेघ पुसट केली आहे. निअँडरथल अडाणी आणि शिकार न करणारे भोळे होते असे जे गोल्डिंगने रंगवले, तेही वेल्सच्या चित्राइतकेच चुकीचे ठरले. ते रानघोड्यांची आणि रेनडिअरांची शिकार करीत. भूर्जाच्या सालीपासून चिकट डांबर काढून दगडी पाते दांड्याला बसवीत. १९८३ साली इस्रायलमधल्या केबारा गुहेत सापडलेले त्यांचे जिभेखालचे हाड आपल्या हाडासारखेच निघाले. इराकमधल्या शानिदार गुहेत एक हात निकामी झालेला, एका डोळ्याने बहुधा अंध असा माणूस सापडला. तो तशा स्थितीत वर्षानुवर्षे जगला होता, म्हणजे कोणीतरी त्याला सांभाळले होते. उलट स्पेनमधल्या एल सिद्रोन गुहेत त्यांच्याच हाडांवर मांस खरवडल्याच्या खुणा आहेत. तात्पर्य, ते राक्षस नव्हते आणि देवदूतही नव्हते. माणसे होती.

आणि सर्वांत मोठे आश्चर्य २०१० साली बाहेर आले. स्वांटे पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथलांच्या हाडांतून त्यांची आनुवंशिक लिपी वाचून काढली. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्या लिपीचा सुमारे दोन टक्के अंश आहे असे निष्पन्न झाले. पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा अंश निव्वळ शोभेचा नाही. करोनाच्या साथीत, २०२० साली, त्यांनी आणि झेबर्ग यांनी दाखवले की आजार बळावण्याचा धोका वाढवणारा एक आनुवंशिक तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे आणि दक्षिण आशियातल्या सुमारे निम्म्या लोकांत तो आढळतो. भारतात निअँडरथलांचे एकही हाड आजवर मिळालेले नाही. नर्मदाकाठी हाथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाची कवटी मिळाली, पण ती निअँडरथलाची मानली जात नाही. आपल्या जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेशी निगडित अशी दगडी हत्यारे सापडली आहेत. तिथे राहणारी माणसे कोण होती हे हत्यारे सांगत नाहीत. हाड मातीत नाही, पण वारसा रक्तात आहे. या सभागृहातही तो बसलेला आहे.

कादंबरीतल्या त्या तान्ह्या मुलाची आठवण येथे होते. १९५५ साली यातले काहीही ठाऊक नसताना गोल्डिंगने ते मूल होडीत ठेवले, नव्या टोळीतल्या बाईच्या अंगावर पाजले. पुष्कळ वाचक लोकच्या मरणापाशी पुस्तक मिटतात आणि ‘हाय हाय’ करतात. पण खरी कादंबरी शेवटच्या प्रकरणात आहे. तेथे प्रथमच कथा नव्या माणसांच्या डोळ्यांनी, तुआमी नावाच्या कारागिराच्या डोळ्यांनी सांगितली जाते, आणि ज्यांचा आपण अकरा प्रकरणे तिरस्कार केला ती माणसे थकलेली, घाबरलेली, लाजलेली अशी समोर येतात. तुआमी मार्लनचा खून करण्यासाठी हस्तिदंती सुरी घडवतो आहे. तेवढ्यात त्या बाईच्या मानेशी बिलगलेल्या परक्या मुलाचा आकार त्याला दिसतो, आणि आपल्या सुरीला मूठ हवी ती याच आकाराची असे त्याला वाटते. टूलरूममधले आमचे गृहस्थ हे ऐकून म्हणाले, “हत्यार ज्याच्या हाती त्याचे जग, असे मी म्हणालो होतो. पण पात्यापेक्षा मूठ अवघड असते हेही खरे.”

हा प्रश्न मराठी मनाला नवा नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये, १९६७ साली, ‘मयसभा’ या लेखात खांडववनाच्या दाहाचा विचार केला. वनात राहणारे जीव जाळून नवे नगर वसवणाऱ्या कृष्णार्जुनांकडे त्यांनी भक्तिभावाचा पडदा दूर करून पाहिले. त्या आगीतून जे मोजके वाचले त्यांत मय होता, आणि त्यानेच जाळणाऱ्यांसाठी ती अद्भुत सभा बांधली. आगीतून वाचलेला परकाच नव्या नगरीचा कारागीर झाला! इरावतीबाई पुराणातल्या वनवासींविषयी लिहून थांबल्या नाहीत. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर प्रत्यक्ष पाहणी केली, आणि तिचा वृत्तान्त १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. ज्यांना विस्थापित म्हणतात ती माणसे काय खातात, काय मागतात, कशावर भांडतात, हे त्यांनी घरोघर जाऊन विचारले. आम्हाला हा क्रम फार अर्थपूर्ण वाटतो. हळहळ पुराणावर थांबते. विचारपूस दारापर्यंत जाते.

म्हणूनच चाकणच्या काकांचे वाक्य आम्ही मोलाचे म्हटले. वेल्सने जुन्या माणसाला राक्षस केले, गोल्डिंगने त्याला निष्पाप बालक केले. दोन्ही वेळा त्याचे बोलणे ऐकायची गरज उरली नाही. राक्षसाला मारायचे असते आणि बालकासाठी रडायचे असते. हिशेब मात्र माणसाशीच करावा लागतो. मावळात आणि खेडमध्ये ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना आमचे अश्रू नकोत. त्यांचा मोबदला, परताव्याची जमीन, मुलांची नोकरी, नदीचे पाणी यांविषयी त्यांच्याशी सरळ बोलणे झाले पाहिजे. आणि जो मराठवाड्यातून, खानदेशातून, बिहारातून, उत्तर प्रदेशातून येथे येऊन भाड्याच्या खोलीत राहतो, त्यालाही जंगलातले भूत समजून चालणार नाही. तो मागून काय सोडून आला हे विचारल्याशिवाय त्याचे भय कळणार नाही.

गावात माणूस गेला की तलाठ्याकडे वारसनोंद होते. फेरफारावर नावे चढतात आणि कोणाचे नाव गाळले तर भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालते. गोल्डिंगच्या कादंबरीचे नावच ‘वारसदार’ आहे. बारा बैठकांनंतर आमच्या मंडळींनी तिचा अर्थ असा लावला की मानवजातीच्या त्या मोठ्या सातबाऱ्यावर लोकचे नाव गाळले गेले होते आणि ते आता सापडले आहे. आपण जिंकणाऱ्यांचे वारस आहोत, तसेच हरलेल्यांचेही. ज्याला हे समजले त्याला भूमिपुत्र आणि उपरा या दोन शब्दांत सगळी माणसे बसवता येणार नाहीत.

पुस्तक जुने आहे, त्यातले शास्त्र मागे पडले आहे. तरी ते मिळवून शेवटच्या पानापर्यंत वाचावे, आणि शक्य तर एकट्याने वाचू नये. शेजारी जो निराळ्या गावाहून आलेला आहे त्याला बरोबर घ्यावे. आमच्या चार वाचकांनी जे चार अर्थ काढले ते एका वाचकाला कधीच सुचले नसते.